वाचक विचारतात : सारखं चार-चार यार्डच का फेकतात हे लोक?

यावेळचे प्रश्न चाळले तर क्रिकेट-कबड्डी बाजूला राहून चक्क अमेरिकन फुटबॉलचेच जास्त निघाले, आणि त्यातही बहुतेक सगळे एकाच गोष्टीभोवती फिरतायत, ती म्हणजे शॉर्ट पास. नाशकात रात्री साडेअकराला एनएफएल, म्हणजे तिथली लीग, बघत जागणारी एवढी माणसं आहेत हे मला खरंच माहीत नव्हतं. तर आजचं अख्खं सदर त्यालाच. ज्यांनी हा खेळ कधीच बघितला नाहीये त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की 100 यार्डांचं मैदान, दोन्हीकडे अकरा-अकरा जण, ज्यांच्याकडे बॉल त्यांना 10 यार्ड पुढे जायला चार चान्स, त्याला डाउन म्हणतात. 10 झाले की पुन्हा नवे चार, नाही झाले की बॉल समोरच्याला. म्हणून तीन चान्समध्ये जमलं नाही तर चौथ्याला बहुतेक वेळा बॉल लाथेने लांब उडवून देतात, तो पंट. बॉल फेकणारा तो क्वार्टरबॅक. बाकीचं ओघात कळेल.

दादा, आम्ही चौघं कॉलेज रोडला रूम करून राहतो आणि रविवारी रात्री लॅपटॉपवर मॅच लावतो. मला वाटायचं क्वार्टरबॅक म्हणजे पन्नास यार्डांचा बॉल हाणणारा माणूस. इथे तर बघावं तेव्हा बाजूला टुक करून चार यार्ड, पाच यार्ड. एवढे करोडो घेतात आणि फेकतात एवढंसं? घाबरतात का?

घाबरतात हे अर्धं खरं आहे, पण कशाला घाबरतात ते बघ. बॉल हातात आला की समोरून सव्वाशे-दीडशे किलोची चार माणसं त्याच्या अंगावर निघालेली असतात, आणि त्यांना अडवायला त्याच्या पुढे पाच जणांची लाइन. रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा, तीस-चाळीस यार्ड लांब पळून मोकळा होईपर्यंत त्या पाच जणांनी तग धरायला हवा, आणि त्यातला एक जरी चुकला तरी क्वार्टरबॅक जमिनीवर, म्हणजे सॅक. शॉर्ट पासमध्ये तो धोकाच बराचसा मिटवून टाकतात. स्लँट नावाची धाव असते बघ, रिसीव्हर तीन पावलं सरळ पळतो आणि तिरका आत वळतो. बॉल त्याने वळायच्या आधीच हातातून सुटलेला असतो, सगळं मिळून दोन-सव्वादोन सेकंद. समोरचा कितीही चित्त्यासारखा असला तरी तेवढ्यात पोचत नाही. लाइन कच्ची असेल, दोघे-तिघे जखमी असतील, तर कोच पहिली हीच गोळी काढतो.

पण हे नुसतं जीव वाचवायचं तंत्र नाहीये. याची जन्मकथा सांगतो, मजेशीर आहे. 1969 मध्ये सिनसिनाटी बेंगल्स टीमकडे ग्रेग कुक नावाचा एक जबरदस्त हाताचा नवा क्वार्टरबॅक आला. लांब फेकणारा, सगळ्यांना वाटलं आता पुढची दहा वर्षं चिंता नाही. त्याच सीझनमध्ये त्याचा खांदा गेला आणि करिअर जवळपास तिथेच संपलं. त्याच्या जागी 1970 ला आला व्हर्जिल कार्टर, डोकं तल्लख, नेम पक्का, पण हात काही तोफ नव्हे. तिथे असिस्टंट कोच होते बिल वॉल्श. त्यांनी विचार केला की या माणसाला लांब फेकता येत नाही तर मैदान लांबीने वापरायचंच कशाला, रुंदीने वापरू. मैदान 53 यार्डांहून थोडं जास्त रुंद असतं, अकरा जणांनी ती रुंदी राखायची म्हणजे काय खायचं काम नाही. पाच जणांना वेगवेगळ्या अंतरावर पाठवायचं, क्वार्टरबॅकने ठरलेल्या पावलांवर मागे यायचं, ठरलेल्या क्रमाने एकेकाकडे बघायचं आणि जो मोकळा त्याच्याकडे बॉल. ग्राउंडवर पळून चार यार्ड मिळवायच्या ऐवजी हवेतून चार मिळवायचे. कार्टर 1971 ला पास पूर्ण करण्याच्या टक्केवारीत लीगमध्ये पहिला आला.

मग हेच वॉल्श 1979 ला सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनायनर्सचे हेड कोच झाले, जो मोंटाना नावाचा क्वार्टरबॅक मिळाला, आणि 1981 च्या सीझनपासून पुढे त्यांनी तीन सुपर बोल, म्हणजे लीगच्या फायनल, जिंकल्या. नशिबाने 1978 ला नियमही बदलला होता, पाच यार्डांच्या पुढे रिसीव्हरला धक्काबुक्की करायची नाही असा, त्याचाही मोठा हात. त्यांचा रॉजर क्रेग हा खरं तर रनिंग बॅक, म्हणजे बॉल घेऊन पळणारा गडी, पण 1985 ला त्याने पळून 1000 यार्ड काढले आणि पास झेलूनही 1000 काढले, एका सीझनमध्ये दोन्ही करणारा तो पहिला. 92 कॅच घेतले त्याने, लीगमध्ये सगळ्यात जास्त. यातून तुला कळेल की चार यार्डांचा पास हा चार यार्डांवर संपत नाही. पळत्या माणसाच्या हातात बॉल पडला आणि समोरचा एक टॅकल, म्हणजे धरून पाडणं, हुकला की चारचे चौदा होतात, चाळीस होतात. खरी कमाई तिथे असते. फेकणाऱ्याचं कौशल्य म्हणजे बॉल त्याच्या छातीच्या थोडा पुढे, तो पळता पळताच झेलेल असा टाकणं. एक फूट मागे पडला तरी त्याला थांबावं लागतं, आणि थांबला की झालंच त्याचं. पुढच्या रविवारी बॉल कुठे लागतो तेवढंच बघ, तुला टुक करून फेकणं एवढं टुकार वाटणार नाही.

सर, मी अंबडला कंपनीत आहे, शिफ्टमुळे रात्रीची मॅच बघायला मिळते. माझं साधं लॉजिक आहे. क्रिकेटमध्ये जसं सिक्स मारण्यापेक्षा एकेक-दोन-दोन काढत राहिलं की स्कोअर होतो, तसं इथे दर वेळी चार यार्ड काढत राहिलं तर 10 यार्ड तीन चान्समध्ये आरामात होतात. मग अख्खी मॅच शॉर्ट पासच का खेळत नाहीत?

लॉजिक बरोबर वाटतं पण घोडं नेमकं इथेच पेंड खातं. क्रिकेटमधला सिंगल एकदा काढला की कायमचा खात्यात, पुढचा बॉल डॉट गेला म्हणून तो कोणी परत घेत नाही. इथे मात्र चार अधिक चार अधिक चार बारा झाले तर ठीक, पण मधला एक बॉल खाली पडला की चार, शून्य, चार, म्हणजे आठ. चौथा डाउन, दोन यार्ड हवेत, आणि बऱ्याचदा कोच पंट मारतात. तीनपैकी दोन पास पूर्ण, आणि बॉल समोरच्याच्या ताब्यात.

आता अजून पुढे जा. समजा 75 यार्ड जायचंय आणि दर वेळी सरासरी सहा यार्ड मिळतायत, म्हणजे सलग बाराएक प्ले, म्हणजे चाली, बिनचूक व्हायला हवेत. प्रत्येक प्लेला घोळ न होण्याची शक्यता 95 टक्के धरली, आणि हे मी फारच उदार होऊन धरतोय, तरी बाराच्या बारा नीट जाण्याची शक्यता येते 54 टक्के. जवळपास नाणेफेकच की. घोळ म्हणजे काय काय, तर बॉल सुटला, सॅक झाला, पेनल्टी लागली, कोणाचा तरी हात लागून बॉल उडाला. लांब पासवाला एका फटक्यात चाळीस यार्ड जातो म्हणजे त्याचे सहाएक प्ले वाचतात, आणि ते सहा प्ले वाचले म्हणजे चुकायच्या सहा जागा वाचल्या. हे गणित समोरच्या डिफेन्सलाही माहीत असतं. म्हणून कित्येक टीम मुद्दाम दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे राखणदार, खोल उभे करतात आणि म्हणतात घे बाबा पाच-पाच यार्ड, कुठे तरी चुकशीलच.

यावर तुम्ही म्हणाल की मोंटानाने तर केलं होतं. जानेवारी 1989 च्या सुपर बोलमध्ये बेंगल्सच्या विरुद्ध तीन गुणांनी मागे, स्वतःच्या टोकापासून 8 यार्डांवर बॉल, घड्याळात तीन मिनिटांच्या थोडं वर, आणि तिथून 92 यार्ड जाऊन 34 सेकंद उरलेले असताना जॉन टेलरला टचडाउन, म्हणजे बॉल समोरच्या टोकाच्या पट्ट्यात, एंड झोनमध्ये, पोचला, 20-16. शॉर्ट पासचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण हेच. पण ती ड्राइव्ह, म्हणजे ती अख्खी चढाई, नीट बघा कधी. सात-आठ यार्डांचे पास चालू होते, मग पेनल्टी लागली आणि एकदम दुसऱ्या डाउनला 20 यार्ड हवेत अशी वेळ आली. तिथे चार-चार करून काही होणार नव्हतं. मोंटानाने जेरी राइस या रिसीव्हरला मधून पास दिला, 27 यार्ड. तो एक पास नसता तर बाकीच्या सगळ्या छोट्या पासांचं कौतुक आज कोणी केलं नसतं.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने. छोटे पास समोरच्याला दमवतात, आणि ते स्कोअरबोर्डवर लगेच दिसत नाही. फेब्रुवारी 2017 चा सुपर बोल आठवा, पेट्रियट्स फाल्कन्सच्या विरुद्ध 28-3 ने मागे होते आणि शेवटी ओव्हरटाइममध्ये 34-28 जिंकले. त्यात त्यांच्या क्वार्टरबॅकने, टॉम ब्रेडीने, जेम्स व्हाइट या रनिंग बॅकलाच 14 वेळा बॉल दिला. पेट्रियट्सचे 93 प्ले झाले आणि फाल्कन्सचे 46, म्हणजे फाल्कन्सचा डिफेन्स दुप्पट वेळ उभा होता. शेवटी शेवटी त्यांचे पाय उचलत नव्हते हे टीव्हीवरसुद्धा दिसत होतं.

नमस्कार. मी गंगापूर रोडला राहते. मुलगा पिट्सबर्गला शिकायला गेला आणि तिथलाच झाला, सुट्टीला आला तरी तो पिवळा टॉवेल घेऊन घरभर फिरतो. त्याचं म्हणणं, 2020 साली आमची टीम सलग 11 मॅच जिंकली आणि मग शॉर्ट पासनेच आमचा घात केला. असं कसं होईल? ज्याने जिंकलात त्यानेच हरलात? मला त्याच्याशी फोनवर बोलायला तरी हे समजून घ्यायचंय.

काकू, तुमचा मुलगा बरोबर बोलतोय, आणि खरं सांगू का, या विषयावर त्या सीझनपेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, म्हणून जरा लांबवतो.

मुलाची टीम पिट्सबर्ग स्टीलर्स, त्यांचा क्वार्टरबॅक बेन रॉथलिसबर्गर. तरुणपणी अगदी उलट प्रकारचा खेळाडू, चार जण अंगावर लटकलेत आणि हा बाबा उभा राहून लांब फेकतोय असा. 2019 ला दुसऱ्याच मॅचमध्ये त्याच्या कोपराचं काम तमाम झालं, ऑपरेशन झालं, सीझन गेला. 2020 ला परत आला तेव्हा वय 38. मग टीमने ठरवलं की याला मारच खाऊ द्यायचा नाही, बॉल आला की दोन-सव्वादोन सेकंदांत सोडायचा. अख्ख्या लीगमध्ये सगळ्यात लवकर बॉल सोडणारा क्वार्टरबॅक त्या वर्षी तोच. सॅक जवळजवळ बंद, डिफेन्स तगडा, आणि 11-0.

आता यात दोन भेगा होत्या ज्या जिंकत असताना कोणाच्या डोळ्यावर आल्या नाहीत. एक म्हणजे बॉल घेऊन पळणं त्यांना जमतच नव्हतं, त्या बाबतीत ते त्या सीझनला 32 टीममध्ये 32 वे. शॉर्ट पासच त्यांचं पळणंही होता आणि फेकणंही. दुसरी म्हणजे लांबचा पास हळूहळू समोरच्यांच्या हिशोबातूनच निघून गेला. आणि काकू, सगळी ग्यानबाची मेख इथे आहे. पाच यार्डांवर रिसीव्हर मोकळा का सापडतो? कारण समोरचा कॉर्नर, म्हणजे त्याला राखणारा गडी, मागे सरकून उभा असतो. तो मागे का सरकतो? कारण हा आपल्याला ओलांडून लांब पळेल अशी त्याला धास्ती असते. ती धास्ती गेली की तो मागे कशाला जाईल, तो सहा यार्डांवर ठाण मांडून बसतो आणि बॉलची वाट बघतो. सेफ्टी पुढे येतात, लाइनबॅकर, म्हणजे पुढच्या लाइनच्या मागचे गडी, मधली गल्ली अडवून उभे राहतात, जिथे चार जण असायचे तिथे आठ होतात. आणि पुढची ती सव्वाशे किलोची मंडळी क्वार्टरबॅकपर्यंत पोचायचा नादच सोडतात, दोन पावलं टाकतात आणि हात वर करून उभी राहतात, कारण छोटा पास खालून जातो, डोक्यावरून नाही.

मग काय झालं ते बघा. बारावी मॅच वॉशिंग्टनबरोबर, स्टीलर्स 14-0 ने पुढे होते तरी 23-17 हरले, शेवटी शेवटी माँटेझ स्वेट या लाइनवरच्या माणसाने हात वर करून बॉल उडवला आणि तो जॉन बॉस्टिकच्या हातात गेला. पुढची मॅच बफेलोची. बाजूला एक छोटा पास टाकला, टॅरन जॉन्सन टपूनच होता, मध्ये घुसून बॉल पळवला आणि 51 यार्ड पळत टचडाउन. छोटा पास चुकला की तो असा महागात पडतो, कारण पकडणाऱ्याच्या पुढे सगळं मैदान मोकळं असतं. लांब पास पळवला गेला तर निदान तो तिकडे लांब पळवला जातो. त्यानंतर बेंगल्स, त्या वर्षीची तळातली टीम, त्यांच्याकडूनही 27-17. सलग तीन.

आता तुमच्या मुलाला फोनवर एवढंच विचारा, "अरे, कोल्ट्सच्या मॅचच्या दुसऱ्या हाफचं काय?" तो गप्पच बसेल. तीन हारींनंतरच्या त्या मॅचला ते 24-7 ने मागे होते, गमवायला काही उरलं नव्हतं, आणि रॉथलिसबर्गर लांब फेकायला लागला. डियोंटे जॉन्सनला 39 यार्डांचं टचडाउन, मग पुढे स्मिथ-शूस्टरला 25 यार्डांचं, मॅच 28-24 जिंकली. आणि मधलं जे एक टचडाउन होतं ते पाच यार्डांचं! लांबचं दाखवल्यावर छोटंही चालायला लागलं. हात शिल्लक होता हो, वापरत नव्हते, असं माझं मत. काही जण म्हणतात कोपर रोज तेवढं झेपलं नसतं, त्यातही तथ्य असेल, रिसीव्हरांनी हातातले बॉल सोडले तेही खरं, पण चार मॅच आधी हे का नाही केलं हा प्रश्न राहतोच.

शेवट प्लेऑफमध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सबरोबर. पहिलाच स्नॅप, म्हणजे चाल सुरू करताना मागे दिलेला बॉल, क्वार्टरबॅकच्या डोक्यावरून मागे गेला, ब्राउन्सने तिथेच टचडाउन घेतलं, पहिल्या क्वार्टरनंतर 28-0. मग रॉथलिसबर्गरने 68 पास टाकले, 47 पूर्ण केले, तेवढे एका मॅचमध्ये त्याआधी कोणीच केले नव्हते. 501 यार्ड, 4 टचडाउन, 4 इंटरसेप्शन, म्हणजे समोरच्यांनी पळवलेले पास. आणि हरले, 48-37. एवढा मागे पडलात की समोरचा हसत हसत पाच-पाच यार्ड देतो, कारण प्रत्येक पाच यार्डांबरोबर घड्याळ त्याच्या बाजूने सरकत असतं.

ज्याची पास पूर्ण करायची टक्केवारी 70 च्या वर, तो क्वार्टरबॅक भारी असं समजायचं का? (नाशिकरोड)

नुसत्या त्यावर अजिबात नाही. ड्रू ब्रीसने 2018 ला 74.4 टक्के पास पूर्ण केले, 32 टचडाउन आणि फक्त 5 इंटरसेप्शन, तो भारीच. पण टक्केवारी फुगवायचा सोपा रस्ताही असतो, तिसऱ्या डाउनला आठ यार्ड हवे असताना बाजूच्या रनिंग बॅकला तीन यार्डांचा पास द्यायचा, तो पूर्ण होतो, टक्का वाढतो, आणि पुढच्या प्लेला पंट. 2014 च्या कॅन्सस सिटी चीफ्सचं उदाहरण घ्या, अ‍ॅलेक्स स्मिथ हा सावध, बॉल न घालवणारा क्वार्टरबॅक, टक्केवारी चांगलीच, आणि अख्ख्या सीझनमध्ये त्या टीमच्या एकाही वाइड रिसीव्हरला, म्हणजे कडेने पळून झेलणाऱ्याला, पासवर टचडाउन मिळालं नाही. एकसुद्धा नाही! तरी 9 जिंकले, 7 हरले, म्हणजे अगदी वाईट नाही, पण प्लेऑफ हुकलं. तिसऱ्या डाउनला किती हवे होते आणि बॉल किती लांब टाकला, एवढं बघत जा, टक्केवारीपेक्षा जास्त कळतं.

काका, सुपर बोल आपल्याकडे सोमवारी पहाटे 5 ला असतो, मी देवळालीला मामाकडे बसून 2015 चा पहिल्यांदा बघितला होता आणि तेव्हापासून एकच प्रश्न डोक्यात आहे. जिंकायला सिअ‍ॅटलला एक यार्ड हवा होता, पळणारा मार्शॉन लिंचसारखा रेडा टीममध्ये, आणि त्यांनी पास का टाकला???

हा प्रश्न सुटायचा नाही, निम्मी अमेरिका अजून भांडतेय. कोच पीट कॅरोलची बाजू आधी. 26 सेकंद उरलेले, टाइमआउट एकच, दुसरा डाउन. पास टाकला आणि पडला तर घड्याळ थांबतं, म्हणजे पुढे अजून दोन चान्स आरामात मिळतात, पळवलं आणि अडवलं तर टाइमआउट खर्च होतो. समोर पेट्रियट्सने वजनदार माणसं आत आणली होती, पळणं अडवायला. कागदावर पास टाकणं मूर्खपणा नव्हता.

मला पटत नाही ते वेगळंच. स्लँट टाकला तो, मधल्या गर्दीत. वर काकूंना जे सांगितलं तेच इथे लावून बघ. गोललाइनवर, म्हणजे एंड झोनच्या तोंडाशी, उभा असताना पुढे एक यार्ड आणि एंड झोनचे 10, एवढंच मैदान उरतं. लांब पळायला जागाच नाही, मग डिफेन्सला मागची कसली आलीय चिंता, सगळे पुढे. ज्या धास्तीवर छोटा पास जगतो ती धास्ती तिथे मैदानच संपल्यामुळे संपलेली असते. जर्मेन कर्स नावाच्या रिसीव्हरने समोरच्याला अडवून मागच्या रिकार्डो लॉकेटला वाट करून द्यायची असा बेत होता, पेट्रियट्सच्या ब्रँडन ब्राउनरने कर्सला जागच्या जागी थोपवलं, त्यामुळे त्यांच्याच माल्कम बटलरची वाट अडलीच नाही, तो सरळ धावत आला आणि लॉकेटच्या आधी बॉलवर पोचला. संपलं, पेट्रियट्स 28-24.

गंमत म्हणजे त्याच मॅचमध्ये त्याच्या अर्धा तास आधी शॉर्ट पासनेच सिअ‍ॅटलचा डिफेन्स कापला गेला होता. चौथ्या क्वार्टरमध्ये 10 गुणांनी मागे असताना ब्रेडीने एडलमन, व्हरीन यांना टुकुटुकु देत दोन टचडाउन काढले. अर्थात सिअ‍ॅटलचा आतल्या रिसीव्हरला राखणारा कॉर्नर जेरेमी लेन हात मोडून बाहेर गेला होता आणि क्लिफ अ‍ॅव्हरिल डोक्याला मार लागून, म्हणजे ना मधला माणूस ना अंगावर येणारा, ते लोक विसरतात.

आणि गोललाइनला छोटा पास चालतच नाही असंही नाही, फक्त तिथे धास्तीच्या जागी फसवणूक लागते. फेब्रुवारी 2023 चा सुपर बोल काढ युट्यूबवर, चीफ्स-ईगल्स, चौथा क्वार्टर. कडेरियस टोनी स्नॅपच्या आधी आतल्या बाजूला पळायला लागतो, ईगल्सचे डिफेंडर एकमेकांना इशारे करून आपापला माणूस बदलतात, आणि हा पठ्ठ्या मधूनच उलटा फिरतो. त्याच्या दहा यार्डांत कोणी नाही. पाच यार्डांचं टचडाउन, चालत चालत. आणि मग थोड्या वेळाने तेच दुसऱ्या बाजूने स्काय मूरला, चार यार्ड. चीफ्सचे तेव्हाचे कोच अँडी रीड यांची ही करामत, आणि हे रीडही वॉल्शच्याच परंपरेतले, त्यांचे गुरू माइक होमग्रेन वॉल्शच्या हाताखाली होते.

मी पंचवटीत एका शाळेत पीटी शिकवते. 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये फ्लॅग फुटबॉल आहे असं वाचलं, म्हणून सातवी-आठवीच्या मुलींना सकाळी गोल्फ क्लब ग्राउंडवर घेऊन जाते. सगळ्या मुली लांबच फेकायला बघतात आणि बॉल कुठेही जातो. फक्त छोटे पास शिकवले तर चालेल का?

मॅडम, सुरुवात छोट्यानेच करा, पण "फक्त" हा शब्द काढून टाका.

फ्लॅगमध्ये पाच-पाच जणी, मैदान 50 यार्ड लांब आणि 25 रुंद, दोन्हीकडे 10 यार्डांचे एंड झोन, कमरेच्या पट्ट्याला लावलेली फीत ओढली की टॅकल झाला. धक्का नाही, अडवणं नाही, म्हणजे क्वार्टरबॅकच्या पुढे लाइनच नाही. समोरची जी मुलगी थेट क्वार्टरबॅकवर धावून येणार तिला सात यार्ड मागून सुरुवात करावी लागते, त्यामुळे तुमच्या क्वार्टरबॅककडे फार तर दोन-तीन सेकंद. चार चान्समध्ये अर्धं मैदान ओलांडायचं आणि मग पुढच्या चारात टचडाउन. म्हणजे हा खेळ मुळातच शॉर्ट पासचा.

पण इथे टॅकल हुकवून पुढे पळणं त्यामानाने अवघड, कारण फीत ओढायला ताकद लागत नाही, हात पोचला की झालं. म्हणून पास उभ्या मुलीला देऊन उपयोग नाही, पळतीलाच द्यायला हवा. आणि समोरच्या पाच जणींना एकदा कळलं की यांच्याकडे लांब फेकणारी कोणीच नाही, की त्या सगळ्या दहा यार्डांत गोळा होतील आणि मग तुमच्या मुलींना उभं राहायलाही जागा मिळणार नाही. तेव्हा चार चान्समधला एक तरी लांब टाकायचाच, पडला तरी चालेल, ओरडू नका.

सरावाला दोन मुली घ्या, एक पाच पावलं सरळ पळून तिरकी आत वळेल, दुसरीने तिने वळायच्या आधी बॉल सोडायचा, तिच्या छातीच्या हातभर पुढे. सुरुवातीला बॉल तोंडावर बसेल या भीतीने मुली डोळे मिटतात, म्हणून आधी टेनिस बॉलवर करून घ्या. छातीच्या वरचा बॉल अंगठे जोडून झेलायचा, खालचा करंगळ्या जोडून. बॉल मोठ्यांचा आणू नका, त्या वयाच्या हातात तो मावत नाही आणि मग बोटांची पकड न बसता ढकलून फेकायची सवय लागते, लहान साइझचा मिळतो. आणि गार वाऱ्याच्या दिवसांत लांब फेकायचा सराव वारा पाठीवर घेऊनच करा, नाहीतर पोरी वैतागतील.